खाजगी किल्ली ऑफलाइन ठेवायची म्हणजे नेमके काय काय ऑफलाइन ठेवायचे?

प्रश्न असा आहे: दीर्घ काळासाठी घेतलेले बिटकॉइन आणि इथर आजवर फोनमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या ॲपमध्ये, होते, ते आता इंटरनेटशी संबंध नसलेल्या यंत्रावर हलवायचे आहेत. त्यासाठी हार्डवेअर वॉलेट (किल्ली आत ठेवून सह्या करणारे छोटे यंत्र) विकत घ्यावे की पडून असलेला जुना लॅपटॉप नेटवर्कपासून तोडून वापरावा, यूएसबीने जोडले जाणारे यंत्र पुरेसे आहे की क्यूआर कोडवर चालणारेच हवे, आणि ते यंत्र हरवले किंवा बंद पडले तर काय करायचे?

बहुतेकांसाठी माझे उत्तर हार्डवेअर वॉलेट हेच आहे. यूएसबी की क्यूआर हा फरक वाटतो तितका मोठा नाही. आणि यंत्र हरवणे ही या सगळ्यातली सर्वांत सौम्य आपत्ती आहे. मात्र यंत्र ऑफलाइन असले म्हणजे किल्ली ऑफलाइन असतेच असे नाही. किल्ली जन्माला येते, कुठेतरी लिहून ठेवली जाते, तिने स्वाक्षऱ्या होतात आणि कधीतरी ती दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागते. या प्रत्येक टप्प्यावर ती नेटवर्कपासून दूर राहिली पाहिजे, आणि आजवरची मोठी नुकसाने पाहिली तर बरीचशी यंत्र फोडून नव्हे, तर या टप्प्यांपैकी एखाद्यातून झालेली आहेत.

आधी यंत्रात असते काय ते स्पष्ट करू. नाणी यंत्रात नसतात. ती साखळीवरच्या, म्हणजे ब्लॉकचेन या सार्वजनिक नोंदवहीतल्या, नोंदींत असतात. यंत्रात असते ती एक २५६ बिटांची संख्या, म्हणजे खाजगी किल्ली, किंवा खरे तर असे एक मूळ बीज ज्यातून हव्या तितक्या किल्ल्या ठरलेल्या गणिती पद्धतीने काढता येतात. आपला संगणक न सही केलेला व्यवहार यंत्राकडे पाठवतो, यंत्र आतल्या आत स्वाक्षरी तयार करते आणि फक्त स्वाक्षरी बाहेर देते. स्वाक्षरीवरून किल्ली काढता येत नाही, निदान स्वाक्षरी नीट केलेली असेल तर. या ‘नीट’कडे पुढे यावेच लागेल.

फोनमध्ये आज जी सीड फ्रेज, म्हणजे मूळ बीज शब्दांत मांडणारी १२ किंवा २४ शब्दांची यादी, आहे तीच नव्या यंत्रात टाकून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो, आणि यंत्रे तशी सोय देतातही. ते करू नये. जे शब्द एकदा इंटरनेटला जोडलेल्या फोनच्या स्मृतीत राहिले, त्याच्या कीबोर्डवर टंकले गेले किंवा त्याच्या बॅकअपमध्ये गेले असण्याची शक्यता आहे, ते नंतर कितीही सुरक्षित चिपमध्ये ठेवले तरी ऑफलाइन होत नाहीत. नव्या यंत्रावर नवी किल्ली तयार करावी आणि नाणी रीतसर व्यवहार करून तिकडे पाठवावीत. नेटवर्कचे शुल्क लागेल, ते लागू द्यावे.

किल्लीचा जन्म हा सर्वांत कमी चर्चिला जाणारा टप्पा आहे. किल्लीचे सामर्थ्य ती किती यादृच्छिक आहे यावर अवलंबून असते, आणि यादृच्छिकता बाहेरून तपासता येत नाही. दुबळ्या स्रोतातून आलेली संख्या दिसायला भक्कम संख्येसारखीच दिसते. २०२३ मध्ये लिबबिटकॉइन एक्सप्लोरर या बिटकॉइनच्या किल्ल्या बनवणाऱ्या साधनातील त्रुटी उघड झाली. त्यातील बीज बनवणारी आज्ञा २५६ बिट मागितले तरी प्रत्यक्षात केवळ ३२ बिटांच्या आरंभबिंदूवरून संख्या काढत होती, म्हणजे एकूण शक्यता सुमारे ४२९ कोटी, ज्या साध्या संगणकालाही चाळून काढता येतात. ज्यांनी हे साधन पूर्णपणे ऑफलाइन संगणकावर चालवले होते त्यांची किल्लीसुद्धा तितकीच उघडी होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ‘इंटरनेट नव्हते, म्हणजे सुरक्षित होते’ हा समज इथे पूर्ण ढासळतो.

यावर उपाय म्हणून काही यंत्रे फासे टाकून बीज बनवू देतात. सहा बाजूंचा फासा एकदा टाकला की सुमारे २.५८ बिट मिळतात, म्हणून १२८ बिटांसाठी ५० आणि २५६ बिटांसाठी ९९ वेळा फासा टाकावा लागतो. कंटाळवाणे आहे, पण ज्यांना चिपच्या यादृच्छिकतेवर सर्वस्वी विसंबायचे नाही त्यांच्यासाठी हा प्रामाणिक मार्ग आहे. शब्द मनाने निवडणे मात्र कधीच करू नये. माणसाचे मन यादृच्छिकतेच्या बाबतीत अत्यंत वाईट आहे. शिवाय २४ शब्दांत शेवटच्या शब्दात ८ बिटांचा चेकसम, म्हणजे आधीच्या शब्दांवरून काढलेली पडताळणीची संख्या, दडलेला असतो, त्यामुळे पहिले २३ शब्द ठरले की २,०४८ पैकी फक्त ८ शब्दच शेवटी चालतात. आणि यंत्राच्या खोक्यात आधीच शब्द छापलेले कार्ड आले असेल, तर ते शब्द दुसऱ्या कुणाला आधीच माहीत आहेत असे समजून ते यंत्र वापरू नये.

आता जुन्या लॅपटॉपचा विचार करू. तत्त्वतः तो चालतो: वाय-फाय आणि ब्लूटूथचे भाग शक्यतो शारीरिकरीत्या काढून टाकावेत, डिस्क पुसून तपासलेली कार्यप्रणाली टाकावी, वॉलेट सॉफ्टवेअरची डिजिटल स्वाक्षरी तपासून घ्यावी आणि त्यानंतर ते यंत्र पुन्हा कधीही नेटवर्कला जोडू नये. अडचण ‘कधीही’ या अटीत आहे. एखादा फॉन्ट हवा असतो, प्रिंटरचा ड्रायव्हर हवा असतो, अपडेट हवे असते, आणि एका दिवसासाठी केबल लावली जाते. शिवाय संगणकात किल्ली उघडी असताना ती मुख्य स्मृतीत, कधी स्वॅप फाइलमध्ये (स्मृतीतला मजकूर डिस्कवर उतरवणाऱ्या फाइलमध्ये), कधी छापताना प्रिंटरच्या स्मृतीत आपले ठसे सोडते. हार्डवेअर वॉलेट हे एकाच कामासाठी बनलेले असते; त्यात ब्राउझर नाही, इतर प्रोग्राम नाहीत आणि म्हणून फोडायला पृष्ठभाग लहान आहे. ज्यांना संगणकाची अंतर्रचना चांगली कळते आणि शिस्त टिकवता येते त्यांनी लॅपटॉपचा मार्ग जरूर घ्यावा. इतरांना मी तो सुचवत नाही.

हार्डवेअर वॉलेटमध्ये दोन घराणी आहेत. एका प्रकारात बीज सुरक्षित चिपमध्ये असते, म्हणजे पेमेंट कार्डात असते तशा, भौतिक हल्ल्याला दाद न देण्यासाठी घडवलेल्या चिपमध्ये. पण अशा बऱ्याच चिपचे आतले तपशील निर्मात्याच्या गोपनीयता करारांमुळे जाहीर नसतात. दुसऱ्या प्रकारात साधा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सर्वसाधारण उपकरणांतली नियंत्रक चिप, असतो, सगळा कोड उघडा असतो आणि तो कुणालाही तपासता येतो; पण यंत्र चोराच्या हाती पडले तर तो दुबळा ठरू शकतो. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टो एक्सचेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने ट्रेझर वन आणि मॉडेल टी या हार्डवेअर वॉलेटांवर विद्युतदाबात क्षणिक धक्के देऊन सुमारे १५ मिनिटांच्या भौतिक ताब्यात कूटबद्ध बीज बाहेर काढता येते आणि मग पिन शोधून ते उलगडता येते हे दाखवले होते. अलीकडे दोन्हींचा मेळ घालणारी, म्हणजे उघडा कोड आणि जोडीला सुरक्षित चिप असलेली यंत्रे आली आहेत, आणि आज नवे घ्यायचे तर मी त्यांच्याकडेच आधी पाहीन.

फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारा प्रोग्राम, याबद्दल एक गोष्ट स्वीकारून चालावे लागते. ज्या प्रोग्रामला बीज वापरता येते त्याला, निर्मात्याने तसे लिहिले तर, ते बाहेरही पाठवता येते. २०२३ मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीने ग्राहकाच्या संमतीने बीजाचे तीन कूटबद्ध तुकडे करून बाहेर सुपूर्द करणारी सेवा जाहीर केली तेव्हा मोठा गदारोळ झाला, तो याच कारणाने. तांत्रिकदृष्ट्या त्यात आश्चर्य असे काही नव्हते. म्हणून अपडेट निर्मात्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावे, यंत्र स्वतः त्याची स्वाक्षरी तपासते याची खात्री करावी, आणि हाती असलेला शब्दांचा बॅकअप तपासल्याशिवाय अपडेटला हात लावू नये. प्रत्येक नवी आवृत्ती आल्या दिवशी टाकायची घाई नसावी. सुरक्षेची त्रुटी बुजवणारी आवृत्ती असेल तर मात्र दिरंगाई नको.

यूएसबी की क्यूआर? क्यूआर किंवा मायक्रोएसडी कार्डावर चालणाऱ्या यंत्रांत व्यवहार एका ठरलेल्या प्रमाणित स्वरूपात आत जातो आणि सही होऊन बाहेर येतो. संगणकाला केबलच लागत नाही. याचा खरा फायदा असा की यूएसबीच्या गुंतागुंतीच्या संवादातून होणारे हल्ले बंद होतात आणि जे आत-बाहेर जाते ते, हवे असल्यास, वाचून पाहता येते. पण तुटलेली वायर म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. २०१० मध्ये उघडकीस आलेले स्टक्सनेट हे मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) यूएसबी ड्राइव्हच्या वाटेने नेटवर्कबाहेरच्या यंत्रणेत शिरले होते. खुद्द स्वाक्षरीतूनही किल्ली बाहेर जाऊ शकते. प्रत्येक स्वाक्षरीसाठी एक गुप्त, एकदाच वापरायची संख्या लागते. तीच संख्या दोन स्वाक्षऱ्यांत आली तर शाळकरी बीजगणिताने किल्ली निघते, आणि २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक संख्या देणाऱ्या भागातील दोषामुळे नेमके असेच घडून बिटकॉइन चोरीला गेले. २०२४ मध्ये संशोधकांनी याचा पुढचा टप्पा दाखवला: दुष्ट फर्मवेअर या गुप्त संख्यांत बीजच दडवून केवळ दोन स्वाक्षऱ्यांतून १२ शब्द बाहेर पाठवू शकते, आणि त्या स्वाक्षऱ्या साखळीवर सर्वांसमोर, अगदी निर्दोष दिसत, पडून राहतात. क्यूआर असो वा केबल, स्वाक्षरी बाहेर जाणारच असते. काही यंत्रांत यावर उपाय आहे, ज्यात संगणकही त्या गुप्त संख्येत आपला वाटा टाकतो आणि यंत्राने तो वापरला हे तपासतो. यंत्र निवडताना ही सोय आहे का हे पाहावे. माझ्या मते केबल आहे की नाही यापेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

त्याहूनही महत्त्वाचा आहे पडदा. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्सचेंजच्या कोल्ड, म्हणजे ऑफलाइन ठेवलेल्या, वॉलेटमधून ४ लाखांहून अधिक इथर, त्या वेळच्या भावाने सुमारे १५० कोटी डॉलर, गेले. किल्ल्या हार्डवेअर यंत्रांत होत्या आणि एकापेक्षा अधिक जणांच्या सह्या लागत होत्या. एकही किल्ली चोरीला गेली नाही. हल्लेखोरांनी ज्या वेब पानावरून सह्या होत असत त्या सेवेच्या एका विकासकाच्या संगणकात शिरकाव करून पानाचा कोड बदलला. सही करणाऱ्यांना संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसला, आणि यंत्राकडे मात्र वॉलेटचा ताबाच दुसऱ्याकडे देणारी आज्ञा गेली. यंत्राच्या लहानशा पडद्यावर माणसाला उलगडेल असे काही नव्हते, आणि सह्या झाल्या.

यातून रोजच्या वापरासाठी जे निघते ते असे. संगणकाचा पडदा हा शत्रूच्या ताब्यात आहे असे गृहीत धरून यंत्राच्या पडद्यावर पत्ता आणि रक्कम वाचावी. पत्त्याची पहिली आणि शेवटची चार अक्षरे पाहून थांबू नये. तेवढी अक्षरे जुळणारा पत्ता मुद्दाम तयार करता येतो, आणि तो आपल्या व्यवहारांच्या इतिहासात पेरून ठेवण्याची युक्ती सर्रास चालते. पैसे घेतानाही आपला पत्ता यंत्रावर दाखवून पडताळावा, कारण क्लिपबोर्डवर चिकटवलेला पत्ता बदलणारे मालवेअर फार जुने आहे. बिटकॉइनमध्ये उरलेली रक्कम आपल्याच पत्त्यावर परत येते हे यंत्र ओळखते का, की तेही परक्याला जाणारे पैसे म्हणून दाखवते, हे पहिल्या लहान व्यवहारात पाहून ठेवावे. इथरच्या बाजूला धोका अधिक आहे, कारण तिथे सही ही केवळ पैसे पाठवण्याची नसते. एखाद्या कराराला, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रामला, आपली टोकन (साखळीवरची इतर नाणी) अमर्याद उचलण्याची परवानगीही एकाच सहीने जाते. यंत्रावर मजकुराऐवजी नुसता हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली अक्षर-अंकांची ओळखखूण, दिसत असेल आणि तो दुसऱ्या मार्गाने पडताळता येत नसेल, तर सही करू नये. दीर्घकाळ ठेवायच्या इथरची किल्ली अशा करारांना कधी जोडूच नये. त्यासाठी थोडी रक्कम असलेले वेगळे वॉलेट असावे.

आता बॅकअप, ज्यात मी सर्वाधिक माणसे अडखळताना पाहतो. १२ किंवा २४ शब्द म्हणजेच किल्ली. ते ज्याच्याकडे, त्याला यंत्र आणि पिन यांची गरज नाही. त्यांचा फोटो काढू नये, क्लाउडमध्ये टाकू नये, पासवर्ड मॅनेजरमध्येही ठेवू नये, आणि ते फक्त यंत्रावरच टंकावेत. कोणतीही कंपनी, तिचा सहायक किंवा तिचे पत्र हे शब्द मागत असेल तर ती फसवणूक आहे. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि सुमारे २,७२,००० जणांची नावे, पत्ते व फोन क्रमांक जाहीर झाले. पुढे त्यांतील काहींना टपालाने बनावट यंत्रेसुद्धा पाठवली गेली. त्यामुळे यंत्र मागवताना आपण कोणती माहिती देतो याचाही विचार करावा.

कागद आगीत आणि पाण्यात टिकत नाही. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर शब्द कोरणे हा चांगला उपाय आहे. प्रमाणित यादीतील प्रत्येक शब्द त्याच्या पहिल्या चार अक्षरांनीच वेगळा ओळखता येतो, म्हणून चार अक्षरे कोरली तरी पुरते. शब्दांचे तुकडे करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याची घरगुती युक्ती मात्र टाळावी. समजा १२ शब्दांच्या तीन पट्ट्या केल्या, प्रत्येकीवर ८ शब्द, म्हणजे कोणत्याही दोन मिळाल्या की सगळे जमतात. एकच पट्टी सापडलेल्या चोराला ४ शब्द शोधायचे उरतात, आणि चेकसमची चाळणी लावल्यावर सुमारे १ लाख कोटी शक्यता राहतात. ही संख्या ऐकायला मोठी असली तरी आजच्या ग्राफिक्स कार्डांच्या आवाक्यातली आहे. तुकडे करायचेच तर शामिरच्या, म्हणजे गुपित गणिताने वाटून ठेवण्याच्या, पद्धतीवर आधारलेले, काही यंत्रांत अंगभूत असलेले विभाजन वापरावे. त्यात ठरलेल्या संख्येहून कमी तुकडे मिळाले तर बीजाबद्दल काहीच कळत नाही.

शब्दांना पासफ्रेजची, म्हणजे आपण निवडलेल्या आणखी एका गुप्त मजकुराची, जोड देता येते, आणि वर सांगितलेल्या भौतिक हल्ल्यावर ती चांगले संरक्षण देते, कारण ती यंत्रात साठवलेली नसते. पण चुकीची पासफ्रेज असे काही नसतेच. प्रत्येक पासफ्रेज एक वैध वॉलेट उघडते, फक्त ते रिकामे असते. एका अक्षराची केस बदलली, शेवटी एक मोकळी जागा पडली, तर कोणताही इशारा न देता शून्य दिसते. म्हणून ती वापरायची तर लिहून ठेवावी, आणि शब्दांपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

रक्कम मोठी असेल तर तीनपैकी दोन सह्यांची व्यवस्था, शक्यतो वेगवेगळ्या निर्मात्यांच्या यंत्रांवर, विचारात घ्यावी. त्याने एका कंपनीच्या फर्मवेअरवरचे अवलंबित्व कमी होते. त्यात एक खाच आहे. दोन किल्ल्यांचे शब्द हाती असले तरी तिसरीची विस्तारित सार्वजनिक किल्ली (जिच्यावरून पत्ते काढता येतात, पण सही करता येत नाही) नसेल तर पत्ते ज्यावर बेतलेले असतात ती रचनाच पुन्हा उभी करता येत नाही आणि नाणी अडकतात. म्हणून वॉलेटची रचना सांगणारी फाइल, जिला डिस्क्रिप्टर म्हणतात, प्रत्येक शब्दपट्टीबरोबर ठेवावी. तिने नाणी चोरता येत नाहीत, फक्त शिल्लक दिसते. याच विस्तारित सार्वजनिक किल्लीने फोनवर केवळ पाहण्याचे वॉलेट करता येते आणि यंत्र न काढता शिल्लक तपासता येते. पण तिच्यासोबत तिच्या खालची, साध्या (नॉन-हार्डन्ड) पद्धतीने काढलेली एखादी खाजगी किल्लीही बाहेर गेली, तर दोन्हींवरून वरची खाजगी किल्ली, म्हणजे जिच्यातून बाकीच्या निघतात ती, काढता येते; त्यामुळे ‘फक्त एका पत्त्याची किल्ली’ म्हणूनसुद्धा ती कुठे निर्यात करू नये.

यंत्र बंद पडले तर काय, याचे उत्तर मोठी रक्कम टाकण्याआधीच मिळवावे. नव्या यंत्रावर थोडी रक्कम पाठवावी, मग यंत्र पुसून टाकावे आणि केवळ लिहिलेल्या शब्दांवरून ते पुन्हा उभे करून ती रक्कम परत पाठवून पाहावी. जमल्यास दुसऱ्या निर्मात्याच्या यंत्रावरही हाच प्रयोग करावा. तिथे शिल्लक शून्य दिसली तरी घाबरू नये. बहुतेक वेळा किल्ल्या काढण्याचा मार्ग किंवा पत्त्याचा प्रकार वेगळा निवडला गेलेला असतो. तो मार्ग त्याच वेळी कागदावर नोंदवावा.

तो कागद पुढे वारसासाठीच्या पत्राचा गाभा होतो. कोणते यंत्र, कोणते सॉफ्टवेअर, कोणता मार्ग, किती सह्या लागतात आणि शब्द कुठे आहेत हे त्यात लिहावे. शब्द स्वतः त्यात नसावेत. पासफ्रेज असेल तर ती आहे एवढा उल्लेख तरी असावाच, नाहीतर वारसाला २४ शब्द बरोबर मिळतील, वॉलेट उघडेल, शिल्लक शून्य दिसेल आणि तो तिथेच शोध थांबवेल.